जुन्या घराच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे आणि लोणा: कारण कसं शोधायचं, काम कोणत्या क्रमाने करायचं

दिवाळीच्या आधी रंग दिला, होळीपर्यंत भिंत छान दिसली आणि आषाढात खालचे दोन-तीन फूट पुन्हा फुगले. पोपडे गळून पडले, त्यांच्यामागे क्षारांची पांढरी भुकटी, म्हणजेच लोणा, आणि बोटाने ठोकलं की गिलावा पोकळ वाजतो. पुणे, वाई, सातारा, नाशिक, कुठल्याही जुन्या पेठेतल्या घरात ही तक्रार आहे. मला विचारलं जातं तोवर घरच्यांनी बहुतेक सगळं करून पाहिलेलं असतं. पुट्टी बदलली, वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा रंग लावला, जुना गिलावा पाडून सिमेंटचा केला, शेवटी वैतागून खाली चार फूट टाइल बसवल्या. ओल काही गेली नाही. टाइल बसवल्यावर ती टाइलच्या वर दिसायला लागली.

मी जुनी घरं आणि त्यांतलं जुनं लाकूडकाम दुरुस्त करतो. या दुखण्याबद्दल माझं म्हणणं असं की भिंतीत पाणी कुठून शिरतंय हे सापडल्याशिवाय आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मोकळी केल्याशिवाय वरचा कुठलाही थर टिकत नाही. आधी पाणी तोडायचं, मग क्षार काढायचे, मग भिंत वाळू द्यायची, आणि गिलावा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच गिलाव्यापासून होते, म्हणून तोच खर्च दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

ही भिंत मुळात कशी होती

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली घेतलं गेलं. आपल्या देशात ते मोठ्या प्रमाणावर तयार व्हायला लागलं ते पोरबंदरला, 1914 मध्ये. म्हणजे तुमचं घर त्याआधीचं असेल तर मूळ बांधकामात सिमेंट असण्याची शक्यता फारच कमी. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या चपट्या विटा, दोन्ही बाजूंच्या विटांच्या मधल्या पोकळीत माती आणि विटांचे तुकडे, आणि वरून चुन्याचा गिलावा. वाड्यात वजन बहुतेक सागवानी खांब आणि तुळयांवर असतं, भिंत आडोशाला. शनिवारवाड्याच्या तटाकडे पाहिलंत तर पेशवेकाळातल्या बांधकामाची हीच मांडणी उघड्यावर दिसते, खाली दगड आणि वर वीट.

आजच्या घरात जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर घालतात. या भिंतींत तो नाही. जमिनीतला ओलावा विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतो, समईच्या वातीतून तेल चढावं तसा. पण पूर्वी तो फार वर जात नसे. एकतर दगडी जोतं उंच असे, आणि काळा दगड पाणी फारसं पीत नाही, ओल चढते ती मुख्यतः त्याच्या सांध्यांतून. दुसरं म्हणजे जे थोडं पाणी चढे ते चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाई. आतली जमीन शेणाने सारवलेली, तिच्यातूनही ओलावा उडे. पाणी येत होतं तेवढंच जात होतं, म्हणून भिंत शे-दोनशे वर्षं उभी राहिली.

मग काय बदललं? रस्ता. दर डांबरीकरणात रस्ता थोडा थोडा वर आला आणि ओट्याच्या खालच्या पायऱ्या जमिनीत गेल्या. बऱ्याच घरांत आज रस्त्याची पातळी जोत्याच्या वर, थेट विटेला भिडलेली आहे. मग आत सारवलेल्या जमिनीवर कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, आला, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल आली. जमिनीतून वर येणारी वाफ अडली आणि भिंतीकडे वळली. परसदारची मोरी आत आली, माजघराच्या पाठीला न्हाणीघर झालं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सिमेंटचा गिलावा. सिमेंटमधून वाफ सहज जात नाही. अडलेलं पाणी जिथे वाट मिळेल तिथपर्यंत वर चढतं. त्यात विरघळलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, पाणी उडालं की त्यांचे स्फटिक होतात, आणि ते वाढताना गिलावा ढकलून पाडतात. शिवाय सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक, त्यामुळे पडताना विटेचं तोंडही सोलून नेतं.

निदान: भिंत वाचायची कशी

पहिलं काम म्हणजे डागाचा आकार नीट पाहणं. जमिनीतून चढलेल्या ओलीची वरची कड साधारण आडवी असते, बहुतेक तीन-चार फुटांवर, आणि त्या कडेलाच पांढऱ्या लोण्याचा पट्टा जास्त जाड असतो. नळ किंवा मोरी गळत असेल तर डाग एकाच जागी, गोलसर, आणि उन्हाळ्यातही जागचा हलत नाही. कौलांमधून किंवा पन्हाळीतून येणारं पाणी वरून खाली ओघळतं. बाहेरच्या बाजूला फक्त फूट-दीड फूट उंचीचा चिखलकट पट्टा असेल तर तो पागोळ्यांच्या शिंतोड्यांचा आहे. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांना हा त्रास सगळ्यात जास्त. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, काळे ठिपके दिसत असतील, पांढरी भुकटी नसेल, तर ती बुरशी आहे आणि दोष खोलीतल्या कोंडलेल्या दमट हवेचा असू शकतो.

हवेची ओल की भिंतीची, हे ठरवायला ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव जमलं तर हवा दमट आहे. मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी दिसलं तर ते भिंतीतून येतंय. एकाच भिंतीवर खाली एक आणि सहा फुटांवर एक असे दोन तुकडे लावले तर फरक लगेच कळतो.

यापुढची चाचणी जरा मेहनतीची आहे, पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली. ओल दाखवणारं टाचण्यांचं मीटर खारट भिंतीवर फसतं, कारण क्षारांमधून वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतही ते ओली दाखवतं. म्हणून मी भुकटी काढून वजन करतो. भिंतीवर एका उभ्या रेषेत अर्धा फूट, दीड, तीन, पाच आणि सात फूट अशा उंचीवर जाड बिट लावून ड्रिल सावकाश चालवायचं. वरचा गिलावा संपून विटेची लाल भुकटी यायला लागली की ती कागदावर धरायची आणि लगेच झाकणाच्या वेगवेगळ्या बाटल्यांत भरायची. प्रत्येकी साधारण 10 ग्रॅम पुरे. वजनाला 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी ओलं वजन घ्या, मग ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास वाळवून पुन्हा वजन घ्या. जेवढं घटलं तेवढं पाणी भिंतीत होतं.

आता त्याच वाळलेल्या भुकट्या उघड्या वाट्यांत घालून एका मोठ्या बरणीत ठेवा. बरणीच्या तळाशी मिठाचं इतकं घट्ट पाणी हवं की न विरघळलेलं मीठ तळाला दिसत राहील. झाकण घट्ट लावा. अशा बरणीतल्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. काही दिवसांनी वजन वाढायचं थांबलं की मांडणी करा. तीन फुटांवरच्या भुकटीने बरणीतल्या हवेतूनच जवळपास सगळं गेलेलं वजन परत मिळवलं असेल, तर तिथे आता नवीन पाणी येत नाहीये. क्षार हवेतून पाणी ओढताहेत. उलट भिंतीतलं मूळ वजन बरणीतल्यापेक्षा बरंच जास्त असेल, तर पाणी अजून चालू आहे. आणि खालच्या भुकटीत पाणी जास्त, वर जाल तसं कमी, असं दिसलं तर ते जमिनीतूनच चढतंय.

हा फरक का महत्त्वाचा, तर साधं मीठसुद्धा हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याहून दमट असते. म्हणून गळती बंद झाली, जमिनीचं पाणी तोडलं, तरी खारट भिंत जुलैत ओली दिसते आणि फेब्रुवारीत कोरडी. घरचे म्हणतात, ‘काम फुकट गेलं.’ काम फुकट गेलेलं नसतं, क्षार काढायचे राहिलेले असतात. वाड्याची जी बाजू पूर्वी गोठ्याला किंवा शौचकुपाला लागून होती तिथे हे जास्त दिसतं, कारण मलमूत्रातून नायट्रेट तयार होतात. अशा जुन्या भिंतींच्या लोण्यातून लोक एकेकाळी सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार, काढत असत.

शेवटची तपासणी पावसातच करायची. धो धो पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पन्हळ कुठे भरून वाहतेय, पागोळ्या कुठे आदळताहेत, पाणी भिंतीकडे उतरतंय की भिंतीपासून दूर, हे त्या चकरेत दिसतं. कोरड्या दिवसात ते कुणालाही दिसत नाही.

वाईतल्या एका घरात माजघराची भिंत अशीच वारंवार फुगत होती. सगळ्यांचं म्हणणं, नदी जवळ आहे, ओल येणारच. डाग मात्र आडवा नव्हता. एका कोपऱ्याकडे चढत गेलेला आणि मे महिन्यात जास्त ओला. त्या कोपऱ्याच्या पलीकडे न्हाणीघर होतं. फरशीखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपचा जोड सुटलेला होता आणि आंघोळीचं पाणी रोज थेट जोत्याच्या मागच्या मातीत जिरत होतं. गिलाव्याखाली आम्हाला रंग आणि पुट्टीचे थर एकावर एक सापडले, मग सिमेंट, त्याखाली पुन्हा सिमेंट, आणि तळाला मूळ चुन्याचा फिकट गुलाबी थर, अजून विटेला धरून बसलेला. पाइप दुरुस्त झाल्यावर त्या भिंतीचं अर्धं दुखणं गेलं.

पाणी तोडताना

गळते पाइप, फुटलेली मोरी, तुंबलेली पन्हळ हे आधी. यात विशेष सांगण्यासारखं नाही, फक्त हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाहेरची जमीन भिंतीला टेकून वर आली असेल आणि जागा तुमची असेल तर ती खाली उतरवा. भिंतीलगत साधारण दीड फूट रुंदीचा उथळ चर घ्या, तळाला भिंतीपासून दूर उतार द्या, छिद्रांचा पाइप टाका आणि वर खडी भरा. चर एका दमात घरभर खणायचा नाही. चार-पाच फुटांचे तुकडे करत जायचं आणि पायाच्या तळापेक्षा बराच वर राहायचं. जुन्या घरांचे पाये अनेकदा वाटतात त्यापेक्षा उथळ निघतात. बाहेर भिंतीपर्यंत कोबा केलेला असेल तर निदान भिंतीलगतचा फूटभर पट्टा फोडून तिथे खडी भरा.

रस्ता सार्वजनिक असेल तर तो खाली घेणं आपल्या हातात नाही. तिथे मी आतून वाट काढतो. टाइल आणि भिंत यांच्यामध्ये चार-सहा इंचांची पट्टी मोकळी करून तिथला कोबा काढायचा आणि जागा खडी व चुन्याच्या काँक्रीटने भरायची. अडलेल्या वाफेला भिंतीच्या ऐवजी तिथून बाहेर पडता येतं. दिसायलाही ही पट्टी वाईट नाही. शहाबादी फरशीच्या कडेला ती मूळचीच वाटते.

विटांना भोकं पाडून रसायन भरायचा उपाय आता सगळीकडे सुचवला जातो. एकसंध विटांच्या भिंतीत तो काही अंशी काम करतो. पण आपल्या जाड भिंतींच्या पोटात माती आणि तुकडे भरलेले असतात. रसायन पोकळीत कुठेही वाहून जातं, सलग थर तयार होत नाही. वाड्याच्या भिंतीसाठी मी तो खर्च करायला सांगत नाही.

सिमेंट काढणं आणि क्षार काढणं

दिसणाऱ्या ओलीच्या वरच्या कडेपासून आणखी दीड फूट वरपर्यंत सिमेंट काढायचं. पोकळ वाजणारे भाग छोट्या छिन्नीने सहज सुटतात. जिथे सिमेंटने विटेला घट्ट धरलंय तिथे जबरदस्ती करू नका; लहान चौकोन कापून सावकाश काढा, नाहीतर भिंत वाळेपर्यंत तसंच ठेवा, नंतर ते आपोआप सैल होतं. ब्रेकर मशीन या भिंतींना लावायचंच नाही, हादऱ्याने पोटातली माती खाली बसते. काम करताना धूळ रोखणारा चांगला मास्क लावा. निघालेला राडारोडा त्याच दिवशी घराबाहेर न्या. तो भिंतीलगत पडून राहिला तर पहिल्या पावसात त्यातले क्षार पुन्हा पायात जातात.

विटा उघड्या झाल्या की त्यांच्यावरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि भुकटी सुपलीत गोळा करायची. पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. ॲसिडने धुवायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. बाजारातल्या साध्या ॲसिडची चुन्याशी गाठ पडली की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, आणि ते हवेतलं पाणी मिठाहूनही जास्त ओढतं.

क्षार खूप असतील तर लेप लावतात. कागदाचा लगदा आणि स्वच्छ पांढरी चिकणमाती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून जवळपास पाऊण इंच जाडीचा लेप ओलसर केलेल्या भिंतीवर चढवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना भिंतीतला खारा ओलावा लेपात येतो. वाळून सुटायला लागला की काढून फेकायचा आणि पुन्हा ताजा लावायचा. काढलेल्या लेपावर स्फटिक येणं कमी होत गेलं की क्षार कमी होताहेत.

एवढं करणं शक्य नसेल, किंवा त्या खोलीत रोजचा वावर असेल, तर चुना कमी आणि वाळू जास्त असलेला भुसभुशीत गिलावा लावा. तो टिकण्यासाठी नाहीच. वर्षभर क्षार स्वतःत ओढून घ्यायचे आणि मग त्याला उतरवायचं. घरच्यांना हे आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर तो गळायला लागल्यावर गवंड्याला बोल लागतो.

वाळवण

लोकांचा धीर सुटतो तो इथेच. ठोकताळा असा की जाड भिंत एका बाजूने महिन्याला साधारण एक इंच वाळते. दीड फुटाची भिंत एकाच बाजूने उघडी असेल तर दीड वर्ष, दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर त्याच्या निम्मं, आणि पावसाळ्याचे महिने यात धरायचे नाहीत. हीटर लावून घाई करू नका. वरचा भाग लवकर वाळतो, आत ओल राहते आणि क्षार एकदम पृष्ठभागावर येऊन विटा भुगा होतात. खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं भिंतीपासून हलवा, बस.

म्हणून मी वेळापत्रक असं देतो. दिवाळी झाली की सिमेंट काढायचं. हिवाळा आणि उन्हाळा भिंत उघडी. पावसाळ्यात तिच्याकडे फक्त लक्ष ठेवायचं आणि पुन्हा एकदा भुकटीचं वजन करायचं. आकडे उतरलेले असतील तर पुढच्या दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा. गणपतीपर्यंत भिंत तयार हवी अशी मागणी असेल तर मी काम घेत नाही, कारण ते टिकणार नाही हे मला आधीच ठाऊक असतं.

चुन्याचं काम

कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला, अजून पाणी न लागलेला चुना, मिळाला तर उत्तम. तो विरवताना चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळायला लागतं आणि शिंतोडे उडतात. भांडं लोखंडी हवं, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, मुलं जवळ नकोत. डोळ्यात गेलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. विरलेला चुना गाळून किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली झाकून ठेवा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ आणि कामाला चांगला. पिशवीतली चुन्याची पावडर वापरायची असेल तर पिशवी ताजी हवी, आणि आदल्या दिवशी भिजवून ठेवा.

माझं नेहमीचं प्रमाण म्हणजे एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी म्हणजे विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. ती बेताच्या भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजून काळवंडलेल्या विटांची सुरखी चुन्याशी नीट मिळत नाही. आणि त्याच भिंतीतून निघालेल्या जुन्या विटा कुटून सुरखी करू नका, त्यांत क्षार आहेत. खाडीची वाळू याच कारणासाठी नको. पूर्वी हे सगळं चुन्याच्या घाणीत, म्हणजे गोल चरात दगडी चाक फिरवून, मळत. किल्ल्यांवर असं मोठं दगडी चाक आजही पडलेलं दिसतं. आज छोट्या मिक्सरमध्ये किंवा फावड्याने मळलं तरी चालतं, पण पाणी ओतून सैल करण्याऐवजी जास्त वेळ मळून मऊ करायचं.

हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळाचा गर घालायची आपल्याकडे परंपरा आहे आणि गच्चीच्या किंवा बाहेरच्या कामात मी ते वापरतो. पण ज्या खालच्या पट्ट्यात ओलीचा इतिहास आहे तिथे गूळ टाळतो. मुंग्या आणि बुरशीला निमंत्रण नको.

विटांमधल्या भुसभुशीत दरजा, म्हणजे सांधे, अर्धा-पाऊण इंच खोल कोरून आधी त्याच मिश्रणाने भरा. मग भिंत पाण्याने शिंपडून ओलसर करा आणि पहिला हात 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नका. नखाने दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा हात, मध्ये निदान आठवडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. ऊन आणि वारा लागून तो एकदम वाळला तर वर केसाएवढ्या चिरा पडतात आणि बोट फिरवलं की पीठ निघतं. म्हणून ओलं गोणपाट टांगून ठेवा. भर एप्रिलमध्ये हे काम करू नका.

पांढऱ्या मातीच्या भिंतींना, विदर्भ-मराठवाड्यातल्या गढ्यांना, हे जसंच्या तसं लागू नाही. तिथे आधी त्याच मातीत भुसा घालून कुजवलेल्या चिखलाचा हात द्यायचा.

वर रंग म्हणून चुन्याची सफेदीच. पाण्याहून जरा दाट, पातळ चार-पाच हात. रंग हवा असेल तर पिवडी, गेरू, नीळ. प्लॅस्टिक रंग, पुट्टी, पीओपी या पट्ट्यात नको; इतकं करून पुन्हा वाट बंद होईल.

फडताळं आणि खांब

ओल्या भिंतीतली फडताळं हा माझा आवडीचा भाग आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात फडताळाचं दार फुगून अडकलं की लोक सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. मार्चमध्ये तेच दार आक्रसतं आणि बोटभर फट पडते. रंधा मारायचा तर भिंत वाळल्यावर, फाल्गुन-चैत्रात, आणि तोही फक्त जिथे खरोखर घासतंय तिथे. घासण्याची जागा शोधायला चौकटीवर खडू फासून दार लावून पाहा. बऱ्याचदा दोष फुगण्याचा नसतोच, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. फडताळाच्या मागच्या फळीला भिंतीपासून अर्ध्या इंचाची मोकळीक द्या आणि तिच्या मागच्या बाजूला ऑइल पेंट लावू नका.

खांबाचा बुंधा मात्र तातडीने पाहायला हवा. लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा असतो, तो जमिनीपासून वर राहावा म्हणूनच. नंतर आलेल्या कोब्याने आणि टाइलने तळखडा गाडला जातो आणि लाकूड थेट ओलीत उभं राहतं. बाहेरून रंग ठीक दिसतो. बुंध्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर आतलं लाकूड गेलेलं आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. कुजलेला भाग कापून नवं सागवान जोडता येतं, पण तुळईला धीरे, म्हणजे टेकू, देऊन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून मगच. हे एकट्या सुताराचं किंवा एकट्या गवंड्याचं काम नाही.

भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसेल, पोट काढून बाहेर आली असेल, चिरेत बोट जात असेल, तर छिन्नी लावायच्या आधीच इंजिनिअरला बोलवा. सिमेंटचा जाड थर कधी कधी आतल्या सुट्या विटांना धरून ठेवत असतो, आणि तो काढल्यावर त्या एकदम खाली येतात.

नवा गिलावा झाल्यावर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत कुठे कुठे पांढरी झाक दिसेल. उरलेले क्षार बाहेर पडताहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भिंत कोरडी असताना मऊ ब्रशने झाडून भुकटी सुपलीत घ्या, ओल्या फडक्याने पुसू नका, आणि हिवाळ्यात तेवढ्या जागी सफेदीचा एक हात द्या. झाक तशीच न राहता ओला, पसरत जाणारा डाग दिसला तर आधी पलीकडच्या बाजूचे नळ आणि वरची पन्हळ पाहा.